या वयात नटावं का? ड्रॉवर उपसून, एकेक वस्तू हातात घेऊन ठरवायची रीत

मागच्या डिसेंबरात नाशिकला भाच्याचं लग्न होतं. हॉलवर ब्यूटिशियन बोलावली होती. "मावशी, तुम्हीपण बसा ना," म्हणत तिने मलाही खुर्चीत बसवलं. पोरगी कामाला चपळ होती, पण नवरीच्या पंचविशीतल्या मैत्रिणींना जे थापलं तेच तिने मलाही थापलं. प्रायमर, जाड फाउंडेशन, डोळ्यांखाली काळी वर्तुळं झाकणारं कन्सीलर आणि वरून पावडरचा घट्ट थर. आरशात बरं दिसलं. अक्षता पडेपर्यंत ते कन्सीलर डोळ्यांखालच्या एकेका सुरकुतीत जाऊन बसलं होतं. अल्बममध्ये माझा चेहरा राख फासल्यासारखा, गळा वेगळ्या रंगाचा आणि हात तिसऱ्याच. फोटो बघताना जाऊबाई म्हणाल्या, "आता पुरे की हे सगळं, साठी आली."

मी चिडले, पण तेवढ्यापुरतीच. रात्री अंथरुणावर पडल्यावर तोच विषय डोक्यात. बत्तीस वर्षं मी ठाण्याहून सकाळची लोकल पकडून नोकरीला गेले. लेडीज डब्यात मुलुंड यायच्या आत पावडर, विक्रोळीला काजळ, दादरच्या आधी लिपस्टिक, असं वेळापत्रक ठरलेलं होतं. रुळांच्या खडखडाटात डोळ्यात काजळ घालायची कला आमच्या डब्यातल्या प्रत्येकीला अवगत होती. निवृत्त झाल्यावर लोकल सुटली, सवय राहिली. ती कुणासाठी, कशासाठी, हे कधी विचारलंच नव्हतं.

पुढचे दोन-तीन महिने मी हा हिशेब नीट मांडला. त्यातून जी रीत हाती लागली ती इथे पायरीपायरीने देते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. मेकअप ठेवायचा की सोडायचा, असा एकच घाऊक प्रश्न विचारला की उत्तर कधीच मिळत नाही. काजळ, कुंकू, केसांचा रंग, लिपस्टिक, फाउंडेशन या प्रत्येकाचा निर्णय वेगळा आहे आणि त्यामागची कारणंही वेगळी आहेत. कुठे डोळ्यांच्या डॉक्टरांचं ऐकायचं, कुठे मनाचं, आणि जाऊबाईंचं कुठेच नाही.

पहिली पायरी: ड्रॉवर जमिनीवर उपसा

जुनं वर्तमानपत्र पसरा आणि ड्रॉवर, पर्स, कपाटातला कप्पा, प्रवासाची पिशवी, सगळं त्यावर ओता. माझ्याकडे 27 वस्तू निघाल्या. त्यातल्या रोजच्या वापरातल्या जेमतेम सहा.

आता एकेक वस्तू हातात घ्या. पाकिटावर किंवा बाटलीवर उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात 6, 12 किंवा 24 असा आकडा असतो. उघडल्यापासून किती महिने ती वस्तू वापरायची, ते हा आकडा सांगतो. मस्कारा तीन ते सहा महिन्यांत टाकायचा. डोळ्याला लागणारी कुठलीही ओली वस्तू त्याहून जास्त ठेवू नये, कारण दर वेळी ब्रश डोळ्याला लागून परत बाटलीत जातो आणि सोबत जंतू नेतो. पातळ फाउंडेशन साधारण वर्षभर, लिपस्टिक दोनेक वर्षं. तेलकट, खवट वास आला किंवा वर पाणी सुटलं असेल, तर तारीख काहीही असो, ती वस्तू गेली.

नाव-गाव नसलेल्या वस्तूंचा वेगळा ढीग करा. आपल्याकडच्या कायद्यानुसार सौंदर्यप्रसाधनाच्या पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि वापराची मुदत असायलाच हवी. प्रदर्शनातून आणलेली "हर्बल" डबी, कुणीतरी परदेशातून आणलेली बिनलेबलची बाटली, पार्लरमधून छोट्या डबीत काढून दिलेलं "ग्लो क्रीम", यातलं काहीही चेहऱ्याला लावू नका. हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. चेहरा उजळ करणाऱ्या असल्या बेनामी क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडं बिघडवतो. दुसरी भानगड स्टेरॉइडच्या क्रीमची. महिनाभर चेहरा चकचकीत होतो, मग त्वचा पातळ पडते, लाल होते, गालांवर बारीक शिरा दिसू लागतात, आणि क्रीम सोडलं की आग होते. आपली त्वचा आधीच पातळ होत असताना हा धंदा नकोच. असं क्रीम बरेच महिने लावत असाल, तर ते एकदम बंद न करता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ते हळूहळू सोडवावं लागतं.

दुसरी पायरी: खिडकीपाशी बसून चेहरा बघा

बाथरूममधल्या ट्यूबलाइटखाली चेहरा बघणं म्हणजे स्वतःशी वैर. वरून पडणारा उजेड डोळ्यांखाली सावल्या पाडतो आणि त्या सावल्या झाकायला आपण आणखी थापतो. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीकडे तोंड करून बसा, हातात आरसा घ्या, चष्मा लावा. चष्मा लावाच. चाळिशी लागल्यापासून आपण स्वतःचा चेहरा जवळून नीट पाहिलेलाच नसतो. ज्या चेहऱ्याला आपण रंगवतो तो दहा वर्षांपूर्वीचा, आठवणीतला असतो.

काय काय बदललंय ते निवांत बघा. भारतात सरासरी 46-47 व्या वर्षी पाळी थांबते. इस्ट्रोजेन कमी होतं, आणि त्यानंतरच्या पहिल्या पाचेक वर्षांत त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, सुमारे 30 टक्क्यांनी घटतं, असं डॉक्टर सांगतात. तेलही कमी सुटतं. म्हणून तरुणपणी कपाळावरचं तेल टिपायला लावायची पावडर आता कोरड्या त्वचेवर नुसती पडून राहते आणि रेषा ठळक करते. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगात सुरकुत्या तशा उशिराच येतात, आधी येतात ते डाग. गालांवरचा वांग, कपाळाच्या कडेचा काळपटपणा, ओठांभोवतीची सावली. त्यामुळे चेहरा गळ्यापेक्षा गडद होतो. इथेच फाउंडेशनचा घोळ होतो. दुकानदार मनगटावर रंग लावून दाखवतो आणि आपण मान डोलावतो. तो जबड्याच्या कडेला लावून, दुकानाबाहेर उजेडात येऊन बघायचा असतो.

आणखी एक गोष्ट बघा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. वय वाढतं तसा ओठ आणि भुवया यांचा रंग फिका पडत जातो. त्वचेच्या आणि त्यांच्या रंगातला फरक कमी होतो. आरशात "निस्तेज" म्हणतो ते बरंचसं हेच असतं. म्हणजे चाळिशीनंतर त्वचा झाकण्याचा उपयोग कमी होत जातो आणि ओठ-भुवयांना जरासा रंग देण्याचा उपयोग वाढत जातो. आपण नेमकं उलटं करतो. फाउंडेशनचे थर वाढवतो आणि "आता या वयात लिपस्टिक कशाला" म्हणून ओठ कोरे ठेवतो. नाशिकच्या फोटोतली ती राख याच उलट्या हिशेबाची होती.

तिसरी पायरी: आधी तब्येत, मग हौस

काही प्रश्नांत आवडीनिवडीला जागाच नसते. ते आधी निकालात काढा.

डोळे कोरडे पडतात, खुपतात, सकाळी पापण्या चिकटतात, असं होत असेल तर पापणीच्या आतल्या कडेला काजळ घालणं बंद. त्या कडेवर बारीक ग्रंथींची तोंडं असतात. त्यांतून येणारं तेल अश्रू टिकवून ठेवतं. काजळाने ती बुजतात. काजळ अगदीच सुटत नसेल तर पापणीच्या बाहेरून, केसांच्या मुळाशी पेन्सिलीची बारीक रेघ ओढा आणि रात्री न विसरता पुसा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर त्याआधी आणि नंतर काही आठवडे डोळ्यांना काहीही लावायचं नाही. किती आठवडे ते तुमचे डॉक्टर सांगतील. त्यानंतर नवीन काजळ विकत घ्यायचं, जुनं उचलायचं नाही.

काचबिंदूसाठी लॅटानोप्रोस्ट किंवा बिमाटोप्रोस्टचे थेंब चालू असतील आणि डोळ्यांभोवती काळपट वर्तुळं आली असतील, तर कन्सीलर घ्यायच्या आधी डॉक्टरांशी बोला. ती थेंबांमुळे असू शकतात. थेंब मात्र मनाने बंद करायचे नाहीत. (याच थेंबांनी पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात. माझी एक मैत्रीण म्हणते, "नजर गेली तर गेली, पापण्या मात्र दीपिकासारख्या.")

तपासणीच्या दिवशीचे नियम लक्षात ठेवा. ऑपरेशनला जाताना नेलपेंट आणि लिपस्टिक काढून जायचं. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा क्लिप नेलपेंटमुळे चुकू शकतो, आणि ओठांचा मूळ रंग भूल देणाऱ्या डॉक्टरांना दिसावा लागतो. एमआरआयला डोळ्यांचा मेकअप नको, कारण काही रंगांत धातूचे कण असतात. मॅमोग्राफीला जाताना काखेत पावडर किंवा डिओडरंट लावायचा नाही. त्याचे कण फिल्मवर गाठीतल्या कॅल्शियमसारखे दिसतात आणि विनाकारण दुसरी तपासणी मागे लागते.

केसांच्या रंगाची परीक्षा याच पायरीत. पण केसांबद्दल बोलायचं बरंच आहे, ते पुढे.

चौथी पायरी: दहा दिवस काहीच लावू नका

फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. बाकी पूर्ण बंद. आणि एक वही ठेवा. उगाच भावना लिहीत बसू नका. दोनच गोष्टी टिपायच्या, आज हात आपोआप कुठल्या वस्तूकडे गेला आणि कोण काय म्हणालं.

माझी वही अशी आहे. पहिला दिवस: दूधवाला, काही नाही. हात दोनदा काजळाकडे. तिसरा दिवस: बागेतल्या ग्रुपमधली एक म्हणाली, "बीपी वाढलंय का गं?" दुसरी म्हणाली, "जागरण झालं वाटतं." चौथा दिवस: लेकीचा व्हिडिओ कॉल, "आई, दमलीस का?" सहावा दिवस: भाजीवाली, वॉचमन, बागेतल्या बायका, कुणीच काही नाही. आठवा दिवस: नवऱ्याला विचारलं, काही वेगळं दिसतंय का. त्याने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, "केस कापलेस?"

पहिल्या चार दिवसांत "बरं नाही का" हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा. लोकांच्या डोळ्यांना जुन्या चित्राची सवय असते. ते जुन्या चित्राशी तुलना करतात. चित्र बदललं की आठवड्याभरात सवयही बदलते. चौथ्या दिवशी घाबरून पुन्हा सगळं थापलंत तर तुम्हाला काहीच कळणार नाही. म्हणून पूर्ण दहा दिवस.

अजून नोकरी करत असाल, काउंटरवर किंवा ग्राहकांसमोर बसत असाल, तर हा प्रयोग लागून आलेल्या सुट्टीत किंवा रजेत करा. कामाच्या ठिकाणी थकलेली दिसणं बाईला महाग पडतं, पुरुषाला तेवढं पडत नाही. हे बरोबर नाही, पण आहे. ते एकटीने सुधारायची जबाबदारी अंगावर घेऊ नका.

दहा दिवसांनंतर एका वेळी एकच वस्तू परत आणा, दोन-दोन दिवसांच्या अंतराने. माझ्या बाबतीत लिपस्टिक परतल्या दिवशी लेकीने "आज फ्रेश दिसतेस" म्हटलं. फाउंडेशनची आठवणसुद्धा आली नव्हती. पंचवीस वर्षं जी वस्तू लावली तिची दहा दिवसांत एकदाही आठवण येऊ नये, याचं मलाच हसू आलं.

पाचवी पायरी: एकेका वस्तूचा निकाल

फाउंडेशन आणि पावडर. रोजच्या वापरातून काढा. त्याऐवजी रंग मिसळलेलं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन बघा. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवतं, आणि वांग वाढवण्यात त्या प्रकाशाचाही हात असतो. म्हणजे डाग थोडे झाकलेही जातात आणि वाढत नाहीत. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, 30 पुरे. त्याने सुमारे 97 टक्के अतिनील-बी किरण अडतात, 50 ने 98. मात्र ते पुरेसं लावलं तरच. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पूर्ण लांबीइतक्या दोन रेघा चेहऱ्या-मानेला लागतात. आपण वाटाण्याएवढं लावतो आणि कंपनीला नावं ठेवतो. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. लग्नाकार्यात फाउंडेशन हवंच असेल तर आधी मॉइश्चरायझर मुरू द्या, मग ओल्या स्पंजने गालांवर आणि नाकाच्या बाजूंना थोडंसं. डोळ्यांखाली जवळपास काहीच नको. पावडर फक्त नाकाच्या शेंड्यावर.

भुवया. थ्रेडिंग करून करून विरळ झालेल्या असतील तर आधी थ्रेडिंगला सुट्टी द्या. काळी पेन्सिल नको, गडद तपकिरी घ्या आणि केसांच्या दिशेने बारीक बारीक रेघा ओढा. वरच्या ओठावर वॅक्स करत असाल आणि रात्री सुरकुत्यांसाठी रेटिनॉलचं क्रीम लावत असाल, तर वॅक्सच्या आधी निदान आठवडाभर क्रीम बंद ठेवा, नाहीतर वॅक्ससोबत त्वचाही सोलून निघते. हे मी स्वतःवर करून पाहिलंय. आठ दिवस मास्क लावून फिरले.

लिपस्टिक. मी हिची वकील आहे. ओठांच्या कडेच्या उभ्या रेघांत रंग पसरतो ही खरी अडचण. त्यावर उपाय असा: आधी लिप बाम, दहा मिनिटांनी टिपून घ्या, मग ओठांच्याच रंगाच्या पेन्सिलीने कड, मग लिपस्टिक बोटाने थोपटून. एकदम कोरडी मॅट ओठांच्या भेगा दाखवते, फार चकचकीत असली तर लगेच पसरते. मधली, क्रीमसारखी घ्या. आपल्या रंगाला वीटकरी, मरून, गुलाबी-तपकिरी शोभतात. "वयाला शोभेल" म्हणून दुकानदार जो फिकट, त्वचेच्याच रंगाचा न्यूड पुढे करतो, तो टाळा. तो लावला की ओठ चेहऱ्यातून गायब होतात.

कुंकू आणि टिकली

इथे जरा थांबते, कारण आपल्याकडे हा मेकअपचा प्रश्नच नसतो.

माझ्या आजीची शिसवी फणेरपेटी होती. झाकणाच्या आत आरसा, आत फणी, मेणाची डबी आणि पिंजरीचा करंडा. अनामिकेने कपाळावर मेणाचा ठिपका घासायचा, त्यावर पिंजर दाबायची, मग पदराच्या टोकाने कड गोल करायची. घाम आला तरी दिवसभर ते कुंकू हलत नसे. आईच्या वेळेला काडीची बाटली आली, मग चिकटवायच्या टिकल्या. आमच्या बाथरूमच्या आरशावर आजही सात-आठ टिकल्या असतात. तुमच्याही असतील.

टिकलीच्या गोंदाकडे मात्र लक्ष ठेवा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचं रसायन असतं. ते त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशींना मारतं आणि टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो. आधी खाज येते, मग फिकट ठिपका दिसतो. तो दिसला की टिकली त्याच दिवशी बंद करून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. डागावर आणखी मोठी टिकली लावणं हा आपल्या बायकांचा आवडता उपाय आहे, आणि डाग त्यानेच पसरतो. रोज टिकली लावणारीने रात्री ती काढून जागा धुवावी, आठवड्यातून एक-दोन दिवस कपाळ मोकळं ठेवावं किंवा कुंकू लावावं. घरगुती, हळदीला चुन्याची निवळी देऊन केलेलं कुंकू मिळालं तर उत्तम. शेंदूर वेगळा. त्यात शिसं किंवा पारा असू शकतो. तो कपाळापासून दूरच बरा.

आता वयाचा आणि कुंकवाचा खरा संबंध. वडील गेले तेव्हा आई 66 वर्षांची होती. कुणी तिच्यावर जबरदस्ती केली नाही, तिने आपणहूनच करंडा कपाटात ठेवून दिला. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. आईने ती बातमी वाचली, पेपरची घडी घातली आणि काही बोलली नाही. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी नेहमीप्रमाणे तिच्यापुढे नुसतं तिळगुळाचं ताट न धरता करंडाही धरला. आईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि कपाळ पुढे केलं. आता ती रोज एक बारीक, मसुरीएवढी काळी टिकली लावते. लाल नको म्हणते. का, ते मी विचारलेलं नाही.

तेव्हा कुंकवाबद्दल माझा सल्ला एवढाच: लावायचं की नाही, कुठल्या रंगाचं, केवढं, हे त्या बाईच्या तोंडून ऐका. आई-सासू अंथरुणाला खिळली किंवा विसरायला लागली की सांभाळणारे तिचं पावडर-कुंकू सगळ्यांत आधी बंद करतात, "आता कशाला तिला" म्हणून. रोज सकाळी टिकलीचं पाकीट तिच्या हातात देऊन बघा. बोटं आपोआप कपाळाकडे जातात.

केसांचा रंग

सगळ्यांत अवघड निर्णय हाच, कारण मागे फिरायला दोन वर्षं लागतात.

काळ्या डायमध्ये बहुधा पॅराफिनिलीनडायमीन असतं, पाकिटावर पीपीडी म्हणून लिहितात. वर्षानुवर्षं सोसलेल्या बाईलाही ते एक दिवस अचानक सोसेनासं होतं. डोकं खाजतं, कपाळ-कान सुजतात, क्वचित डोळे मिटतील इतका चेहरा सुजतो. म्हणून दर वेळी, नेहमीचाच डाय असला तरी, कानामागे थोडासा लावून 48 तास थांबायचं. "काळी मेंदी" म्हणून मिळणाऱ्या पाकिटांतही हेच रसायन असू शकतं. खरी मेंदी केस काळे करत नाही, पांढऱ्यांवर ती नारिंगी चढते. तपकिरी-काळा रंग हवा असेल तर आधी मेंदी, धुवून मग नीळ (निळीच्या पानांची पूड, कपड्यांची नीळ नव्हे), असे दोन हात द्यावे लागतात. अर्धा दिवस जातो, पण डोकं शाबूत राहतं.

डाय सोडायचं ठरवलंत तर गणित असं: केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. खांद्याएवढे केस मुळापासून पांढरे व्हायला दोन वर्षांच्या वर. मधले सहा महिने सगळ्यांत वाईट, भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा आणि खाली काळं. ते पार करायचे मार्ग तीन. धीर असेल तर एकदम बारीक बॉयकट. नसेल तर पार्लरमध्ये उरलेल्या काळ्या केसांत फिकट बटा काढून घ्यायच्या, म्हणजे सीमारेषा विरते. तिसरा, माझा: भांग रोज बदलायचा, केस मागे घेऊन अंबाडा आणि वर गजरा. भांगाचा पट्टा आणि गजरा दोन्ही पांढरे, लोकांना गजराच दिसतो.

केस पांढरे झाले की जुने कपडेही चेहऱ्यावर वेगळे दिसतात. मला फिके पिस्ता-मोतिया रंग सोडावे लागले आणि कपाटातली जांभळी इरकल बाहेर आली. लिपस्टिकही एक छटा गडद लागते.

सहावी पायरी: हात, डोळे आणि पाच मिनिटं

ठेवायच्या वस्तू ठरल्या की त्या लावण्याची सोय करा. बोटं आखडत असतील तर जाड दांड्याच्या पेन्सिली घ्या. हात थरथरत असेल तर उभ्याने लावू नका, टेबलावर दोन्ही कोपरं टेकवून बसा. मोठं दाखवणारा आरसा घ्या, पण शेवटी साध्या आरशात लांबून बघा. मोठ्या आरशात दिसणारं प्रत्येक छिद्र झाकायला गेलात तर संपलंच. चष्मा अधिक नंबरचा असेल तर काचेतून डोळे मोठे दिसतात, म्हणजे फिसकटलेलं काजळही मोठं दिसतं. उणे नंबरने डोळे लहान दिसतात, तिथे बाहेरून एक रेघ चालते. मेनोपॉजच्या घामाचे झटके येत असतील तर टिपायला कागदी नॅपकिन जवळ ठेवा आणि पावडर घरीच राहू द्या. मुंबईच्या दमटपणात ती लापशी होते.

माझं रोजचं आता एवढं: टिंटेड सनस्क्रीन, भुवयांना चार रेघा, लिपस्टिक, टिकली. घड्याळ लावून पाहिलं, चार मिनिटं वीस सेकंद.

सातवी पायरी: उत्तरं तयार ठेवा

बोलणारे दोन्ही बाजूंनी बोलतात. नटलात तर "म्हातारचळ", नाही नटलात तर "किती उतरलीस गं". वाद घालू नका, छोटं उत्तर द्या आणि विषय बदला. "या वयात लिपस्टिक?" याला मी "हो, बघ ना, शेड कशी वाटते?" असं विचारते. विचारणारी तीन मिनिटांत स्वतःच्या ओठांवर येते. "केस का नाही रंगवत?" याला "डॉक्टर नको म्हणालेत" हे चालतं. खोटं असलं तरी चालतं. लेकी-सुनांनी प्रेमाने आणलेलं महागडं किट परत करू नका. त्यातली एक वस्तू ठेवा, बाकीचं त्यांच्याच ड्रॉवरमध्ये सरकवा.

पुढचा आढावा मी दिवाळीच्या साफसफाईला ठेवलाय. डबे घासायला काढले की हाही ड्रॉवर उपसायचा, आरशावरच्या टिकल्या खोबरेल लावून काढायच्या. सत्तावीसपैकी आता नऊ वस्तू उरल्यात. त्यांतली एक, लोकलच्या दिवसांतली मरून लिपस्टिक, मीच सांगितलेल्या नियमाने कधीच फेकायला हवी होती. खवट वास येतो. लावत नाही, टाकवतही नाही. पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.